उत्तर मागणारी कमिटी आणि सही मागणारी कमिटी

अमेरिकन क्रांती म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातल्या दोनच गोष्टी आठवतात, बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आणि ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा, आणि मधली सगळी जागा घोड्यावर बसलेल्या वॉशिंग्टनने व्यापलेली. माझ्या मते खरी सत्ता हातातून हातात गेली ती या जाहीरनाम्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, आणि ती नेली कुठल्या सेनापतीने नाही तर गावोगावच्या कमिट्यांनी. मिटिंग, ठराव, त्याच्या नकला, पत्र, पत्राला उलट पत्र, एवढाच त्यांचा उद्योग. वाचायला कंटाळवाणं वाटतं, पण एखादं सरकार जागच्या जागी राहतं आणि लोक त्याचं ऐकायचं बंद करतात हे नेमकं कसं होतं ते बघायचं असेल तर यासारखं दुसरं उदाहरण नाही.

या कमिट्यांबद्दल बोलताना लोक दोन टोकांना जातात. एका बाजूला भक्त, त्यांच्या दृष्टीने ही तळागाळातली लोकशाही, सामान्य माणसाने राजाला दिलेलं उत्तर वगैरे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात ही शुद्ध झुंडशाही होती, डांबर फासून पिसं चिकटवणारी. दोन्हीकडे पुरावे भरपूर आहेत म्हणूनच वाद संपत नाही. मला वाटतं दोन्ही बाजू वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलतायत. १७७२-७३ ची कमिटी लोकांना प्रश्न पाठवून उत्तर मागत होती. १७७४ च्या शेवटापासूनची कमिटी तयार उत्तर पुढे ठेवून त्याखाली सही मागत होती. माणसं बरीचशी तीच, टेबलही तेच, पण काम पूर्ण बदललं, आणि हा फरक धरला नाही तर काहीच कळत नाही.

सुरुवात कशी झाली ते बघा. मॅसॅच्युसेट्समधे गव्हर्नर आणि वरच्या कोर्टाचे जज यांचा पगार तिथली विधानसभा द्यायची. म्हणजे साहेब फारच माजला तर पगार अडवता यायचा. लंडनने ठरवलं की आता हे पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे याच लोकांकडून वसूल केलेल्या कस्टम्सच्या पैशातून जातील. पैसे तुमचेच पण लगाम आमच्या हातात! बोस्टनच्या नगरसभेने गव्हर्नर थॉमस हचिन्सनला विचारलं की हे खरंय का, आणि विधानसभा बोलवा. त्याने ऐकवलं की हा विषय नगरसभेच्या कक्षेतलाच नाही. मग २ नोव्हेंबर १७७२ ला सॅम्युअल अॅडम्सने ठराव मांडला की २१ जणांची पत्रव्यवहार कमिटी नेमावी, तिने वसाहतीतल्या लोकांचे हक्क काय आहेत ते लिहून काढावं, त्यांचं उल्लंघन कुठेकुठे झालंय ते लिहावं, आणि हे प्रांतातल्या सगळ्या गावांना पाठवून त्यांचं मत मागवावं. जॉन हॅनकॉकसारख्या बड्या असामींनी कमिटीत यायला नकार दिला, कामं आहेत म्हणून. कामं कसली, बुडणाऱ्या बोटीत कोण बसेल असंच त्यांना वाटलं असणार.

२० नोव्हेंबरला मसुदा तयार झाला. हक्कांचा भाग अॅडम्सचा, तक्रारींची यादी डॉक्टर जोसेफ वॉरनची आणि गावांना लिहिलेलं पत्र डॉक्टर बेंजामिन चर्चचं. (हा चर्च १७७५ मधे ब्रिटिशांना सांकेतिक लिपीत पत्रं पाठवताना पकडला गेला, म्हणजे पुढे जी कमिटीमंडळी अख्ख्या गावावर नजर ठेवून होती त्यांच्या पहिल्याच पत्राचा लेखक शत्रूला फितूर निघाला, याला काय म्हणायचं.) ६०० प्रती छापल्या आणि घोड्यावरून, ओळखीच्या माणसाबरोबर, जमेल तशा गावोगाव धाडल्या. हचिन्सनने आधी हे सगळं हसण्यावारी नेलं. त्याचं चुकलं असं आज म्हणणं सोपं आहे पण त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं, कारण प्रांतात २६० च्या आसपास गावं, बहुतेक शेतकऱ्यांची, ज्यांना बोस्टनच्या वकील-व्यापाऱ्यांच्या भानगडींशी घेणंदेणं नव्हतं, ती थंडीच्या दिवसात एकत्र जमून जजच्या पगारावर चर्चा करतील असं कुणाला वाटणार?

पण जमली. वसंत ऋतूपर्यंत शंभरच्या वर गावांची उत्तरं आली. आणि ती उत्तरं हा माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा आहे. बोस्टनने नमुना ठराव पाठवून "खाली सह्या करा" असं म्हटलं नव्हतं, प्रश्न पाठवला होता, त्यामुळे प्रत्येक गावाला स्वतःची छोटी कमिटी नेमावी लागली, तिला चार ओळी लिहाव्या लागल्या, त्या नगरसभेत वाचून मंजूर कराव्या लागल्या. कुणी लांबलचक लिहिलं, कुणी बोस्टनचेच शब्द फिरवून लिहिले, कुणी बायबल आणलं, कुणी जपून लिहिलं की आम्ही राजाचे निष्ठावंत आहोत पण. बोस्टनची कमिटी या प्रत्येक पत्राला पोच देत होती, काही वर्तमानपत्रात छापून आणत होती. म्हणजे कोपऱ्यातल्या गावाला पहिल्यांदा दिसलं की आपलं म्हणणं कुणीतरी वाचतंय आणि शेजारच्या गावालाही तेच वाटतंय. राजकारणात हे दुसरं समजणं जास्त धोकादायक असतं. एकटा चिडलेला माणूस गप्प बसतो, आपल्यासारखे शंभर गावात आहेत हे कळलेला बसत नाही.

ही पद्धत लगेच दुसऱ्यांनी उचलली. रोड आयलंडमधे १७७२ च्या जूनमधे लोकांनी गॅस्पी नावाचं कस्टम्सचं जहाज जाळलं होतं, त्याच्या चौकशीत आरोपींना खटल्यासाठी थेट इंग्लंडला नेणार अशी बातमी पसरली, तेव्हा १२ मार्च १७७३ ला व्हर्जिनियाच्या विधानसभेने ११ जणांची कमिटी नेमली, तिच्यात पॅट्रिक हेन्री, रिचर्ड हेन्री ली, तेव्हा तिशीही न गाठलेला जेफरसन, आणि इतर वसाहतींनाही म्हटलं की तुम्ही पण नेमा. वर्षभरात जवळपास सगळीकडे झाल्या. पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते दुसरंच एक पत्र. २० एप्रिल १७७३, बोस्टन. पीटर बेस्टेस, सँबो फ्रीमन, फीलिक्स होलब्रूक आणि चेस्टर जोई या चौघा गुलामांनी गावोगावच्या प्रतिनिधींना पाठवलेलं छापील पत्र. त्यात ते म्हणतात, आपल्याच माणसांनी आपल्याला गुलाम करू पाहिलं तर ज्यांनी एवढा बाणेदारपणा दाखवला त्यांच्याकडून आमच्या मोठ्या अपेक्षा आहेत. आणि सहीच्या आधी लिहिलंय, या प्रांतातल्या आमच्या गुलाम बांधवांच्या वतीने आणि त्यांच्या कमिटीच्या आदेशाने. त्यांच्या कमिटीच्या! बोस्टनची कमिटी स्थापन होऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि ज्यांना नगरसभेच्या दारातही उभं करत नव्हते त्यांनी तोच साचा घेऊन तोच प्रश्न मालकांसमोर ठेवला.

मग चहा. ती गोष्ट सगळ्यांना माहितीये त्यामुळे पटकन उरकतो, पण आपल्या दृष्टीने त्यात एक धागा आहे तो सांगायलाच हवा. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, तीच कंपनी जी बंगाल पिळून काढत होती आणि १७७० च्या दुष्काळानंतर, गैरव्यवहार करून करून, १७७२ मधे दिवाळखोरीच्या दारात उभी होती. तिला वाचवायला पार्लमेंटने १७७३ मधे एकीकडे चहाचा कायदा केला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या कारभारासाठी रेग्युलेटिंग अॅक्ट. अमेरिकेत हे माहीत नव्हतं असं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने त्या नोव्हेंबरात लिहिलं की या कंपनीने आशियात काय केलंय ते बघा, एका वर्षात १५ लाख माणसं भुकेने मेली, जमीन पिकली नाही म्हणून नव्हे तर कंपनीच्या लोकांनी धान्य दाबून ठेवलं म्हणून. आपल्या इतिहासात १७७३ म्हणजे नारायणरावाचा खून, आणि मार्च १७७५ मधे, लेक्सिंग्टनला अमेरिकन युद्धाची पहिली गोळी सुटायच्या साधारण सहा आठवडे आधी, राघोबादादा सुरतेला याच कंपनीच्या मुंबईवाल्यांशी तह करत होते. बोस्टनमधे गावं एकमेकांना कंपनीबद्दल सावध करणारी पत्रं लिहीत होती आणि इकडे भाऊबंदकीत तिलाच पंच म्हणून बोलावणं चाललं होतं. तुलना पुढे ताणत नाही, दोन्हीकडची परिस्थिती फार वेगळी होती, पण वाचताना कडू वाटतं हे खरं.

१६ डिसेंबर १७७३ ला तीनशे चाळीसच्या आसपास पेट्या पाण्यात गेल्या. आधीचे काही आठवडे बोस्टन आणि शेजारच्या रॉक्सबरी, डॉर्चेस्टर, ब्रुकलाइन, केंब्रिज, चार्ल्सटाउन इथल्या कमिट्या एकत्र बसत होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी बोस्टन एकटं पडलं नाही. लंडनने शिक्षा म्हणून १ जून १७७४ पासून बंदर बंद केलं आणि वर एक कायदा केला ज्यात नगरसभा वर्षातून एकदाच, जास्तीच्या सभेला गव्हर्नरची परवानगी. म्हणजे नेमकं कुठे दुखतंय ते सरकारला कळलं होतं. पण उशिरा कळलं. बंदर बंद झाल्यावर इतर वसाहतींमधनं तांदूळ, पीठ, पैसे यायला लागले, कनेक्टिकटचा इझ्रायल पटनम तर स्वतः मेंढ्यांचा कळप हाकत बोस्टनला आला. सभांवरच्या बंदीला गावांनी सोपी पळवाट काढली, एकदा भरलेली सभा संपवायचीच नाही, तहकूब करत राहायचं. सेलममधे नव्या गव्हर्नरने, जनरल गेजने, सभा अडवायला सैनिक पाठवले तर ते पोचेपर्यंत सभा उरकली पण होती.

आणि ६ सप्टेंबर १७७४ चं वुस्टर. मला विचाराल तर ब्रिटिश राज्य मॅसॅच्युसेट्समधे त्या दिवशी संपलं, निदान बोस्टनच्या बाहेर. आजूबाजूच्या ३७ गावांच्या तुकड्या आल्या, मोजदाद झालेली आहे, ४,६२२ माणसं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा करून उभी राहिली आणि कोर्टाच्या दोनेक डझन अधिकाऱ्यांना, जज धरून, हातात टोपी घेऊन त्या रांगांमधनं चालायला लावलं, दर थोड्या अंतरावर थांबून राजीनाम्याचा कागद मोठ्याने वाचायचा, मागच्यांना ऐकू यावं म्हणून पुन्हा पुन्हा, तीसेक वेळा. गोळी नाही, रक्त नाही. कोर्ट बंद. आता याला लोकशाही म्हणायचं की झुंड? खरं सांगायचं तर मला दोन्ही दिसतं. प्रत्येक तुकडीने आपला माणूस निवडून दिला, त्यांनी बसून मसुदा ठरवला, बाहेर येऊन तुकड्यांना विचारलं, हे सगळं शिस्तीत झालं. पण पस्तीस-चाळीस वर्षं ओळखीच्या शेजाऱ्याला टोपी काढायला लावून तीस वेळा माफी वाचायला लावणं यात नुसता निषेध नसतो, जिरवण्याची हौस पण असते.

इथून पुढे वळण येतं. त्याच सप्टेंबरात फिलाडेल्फियात १२ वसाहतींची काँग्रेस भरली (जॉर्जिया आलं नाही) आणि २० ऑक्टोबर १७७४ ला तिने असोसिएशन नावाचा करार केला. १ डिसेंबरपासून ब्रिटिश माल आणायचा नाही, आणि मागण्या मान्य झाल्या नाहीत तर १० सप्टेंबर १७७५ पासून तिकडे पाठवायचाही नाही, त्यात साउथ कॅरोलिनावाल्यांनी हट्ट करून आपला तांदूळ तेवढा वगळून घेतला, म्हणजे देशभक्तीत पण सवलत. अंमलबजावणीचं कलम ११ वं. प्रत्येक काउंटी, शहर, गावात मतदारांनी कमिटी निवडायची, तिचं काम सगळ्या माणसांच्या वागण्यावर बारीक लक्ष ठेवायचं, कुणी करार मोडला तर बहुमताने ठरवून त्याचं नाव वर्तमानपत्रात छापायचं, म्हणजे तो अमेरिकन स्वातंत्र्याचा शत्रू म्हणून सगळ्यांना कळेल आणि त्याच्याशी सगळे व्यवहार तोडतील. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको, हा वाळीत टाकण्याचा प्रकार आहे, फक्त छापील.

चाललं पण जबरदस्त. १७७५ मधे ब्रिटनकडून येणारा माल नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोरने १७७४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी लंडनला रडगाणं लिहिलं की प्रत्येक काउंटीत कमिटी आहे, ती व्यापाऱ्यांच्या वह्या, बिलं, पत्रं तपासते, प्रत्येकाच्या वागण्यावर नजर ठेवते, आणि माझ्या प्रांतात कमिटीचा माणूस म्हणून जे काम करतात ते सोडले तर एकही मॅजिस्ट्रेट काम करत नाहीये. गव्हर्नर बंगल्यात आहे, शिक्के आहेत, आणि राज्य दुसरंच कुणी चालवतंय. १७७५ च्या वसंतापर्यंत सगळ्या वसाहती मिळून सात-आठ हजार लोक कुठल्या ना कुठल्या कमिटीवर होते असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात ज्यांनी याआधी कधी कुठलं पद बघितलं नव्हतं असे सुतार, चांभार, छोटे दुकानदार पण होते, विशेषतः न्यूयॉर्क-फिलाडेल्फियात. मे १७७४ मधे न्यूयॉर्कच्या एका सभेत गव्हर्नर मॉरिस (हे त्याचं नाव, पद नव्हे) बाल्कनीतून बघत होता, एका हाताला सगळे मालमत्तावाले, दुसऱ्या हाताला सगळे कारागीर, आणि त्याने लिहिलं की ही गर्दी आता विचार करायला, वाद घालायला लागलीये, बिचारे सरपटणारे प्राणी, उन्हात अंग शेकतायत, दुपारपर्यंत चावतील. पुढे हाच माणूस अमेरिकेच्या राज्यघटनेचा अंतिम मसुदा लिहायला बसला.

पण कलम ११ वाल्या कमिटीचं दुसरं टोकही बघायला लागेल. करारात काटकसरीचं कलम होतं, घोड्यांच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी, नाटकं नकोत, अंत्यविधीला काळी फीत पुरे. नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनच्या कमिटीने खरंच शर्यतीवाल्यांना चिठ्ठी पाठवून शर्यत थांबवायला लावली. इथपर्यंत हसायला येतं. मेरीलँडमधे अॅनापोलिसला अँथनी स्टुअर्ट नावाच्या व्यापाऱ्याच्या पेगी स्टुअर्ट या जहाजात दोन हजार पौंड वजनावर चहा आला, त्याने त्यावरचा कर भरला, झालं, १९ ऑक्टोबर १७७४ ला, म्हणजे करारावर सह्या व्हायच्या एक दिवस आधी, त्याला स्वतःच्या हाताने चहासकट अख्खं जहाज पेटवायला लागलं. तिथल्या कमिटीचं म्हणणं होतं की चहा जाळ आणि माफी माग, तेवढं बास. गर्दीला बास नव्हतं. जॉर्जियातल्या ऑगस्टाजवळ ऑगस्ट १७७५ मधे थॉमस ब्राउन नावाच्या नवख्या जमीनदाराने सही करायला नकार दिला, त्याची कवटी फोडली, डांबर फासलं, तळपाय भाजले. तो वाचला आणि ब्रिटिशांच्या बाजूने रेंजर्सची तुकडी उभी करून युद्धभर त्याने त्याचं उट्टं काढलं. जो घरी बसून तंबाखू पिकवत राहिला असता त्याला कमिटीवाल्यांनी शत्रू बनवून दिला.

आणि साउथ कॅरोलिनातलं चार्ल्सटन. थॉमस जेरेमाया, स्वतंत्र काळा माणूस, बंदरात जहाजं सुखरूप आत आणणारा नावाजलेला पायलट, स्वतःचे पैसे असलेला. गुलामांना उठाव करायला चिथावतोय असा आरोप, पुरावा दोन-तीन गुलामांच्या जबान्या, आणि १८ ऑगस्ट १७७५ ला फाशी देऊन जाळला. ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड विल्यम कॅम्पबेल हा खटला म्हणजे अन्याय आहे म्हणून विनवत राहिला, पण तोपर्यंत शहर कमिट्यांच्या ताब्यात होतं, त्याला कोण विचारतो. स्वातंत्र्याच्या कमिट्यांची गोष्ट सांगताना हे पान बहुतेक जण उलटून पुढे जातात. मला ते चालत नाही.

याच काळात न्यूयॉर्कजवळचा सॅम्युअल सीबरी नावाचा पाद्री, शेतकऱ्याचं टोपणनाव घेऊन, लिहीत होता की गुलामच व्हायचं असेल तर निदान राजाचा होईन, या उपटसुंभ कमिटीवाल्यांचा नाही, खायचंच असेल तर सिंहाने खावं, उंदरांनी कुरतडून मरायचं नाही मला. तो राजाचा माणूस होता, त्याचा बाकीचा युक्तिवाद मला पटत नाही, कारण सिंहाला मत देऊन घालवता येत नाही आणि कमिटी निदान निवडलेली होती. पण त्याच्या रागाचं कारण खरं होतं. लांबच्या सरकारपासून माणूस लपू शकतो, शेजाऱ्यापासून नाही. तुमच्या घरी चहा कोण पितं हे लंडनला कळत नव्हतं, समोरच्या दुकानदाराला कळत होतं आणि तोच आता कमिटीवर होता.

इथे माझ्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट आहे आणि ती टाळणं बरोबर होणार नाही. उत्तर मागणाऱ्या कमिटीने उत्तर कुणाकडे मागितलं? नगरसभेकडे, म्हणजे मालमत्ता असलेल्या पुरुषांकडे. सही मात्र सगळ्यांकडे मागितली गेली. जून १७७४ मधे बोस्टनच्या कमिटीने बॉयकॉटचा जो करार फिरवला त्यात बायकांच्याही सह्या हव्या होत्या. २५ ऑक्टोबर १७७४ ला नॉर्थ कॅरोलिनात इडेंटनच्या ५१ बायकांनी स्वतःच्या नावाने बॉयकॉटचा ठराव केला, लंडनमधे त्यांच्यावर व्यंगचित्र निघालं, बायका राजकारण करतायत म्हणून दात काढले गेले. ज्यांना प्रश्न कधी विचारलाच जात नव्हता त्यांना निदान सहीने तरी दारातून आत घेतलं. हे मोठं आहे, मान्य. पण ज्या दाराने त्या आत आल्या ते फक्त हो म्हणायचं दार होतं. नाही म्हणायचं असेल तर काय, हे थॉमस ब्राउनच्या पायांवर दिसतंय.

मग उत्तर मागण्याची पद्धत मेली का? मॅसॅच्युसेट्समधे नाही, आणि म्हणून मला या प्रांताबद्दल जास्त आदर आहे. १७७८ मधे तिथल्या विधानसभेने स्वतःच लिहिलेली राज्यघटना गावांपुढे ठेवली, गावांनी प्रचंड बहुमताने फेकून दिली, कारण हक्कांची सनद नव्हती, आणि मुळात रोजचं कायदेमंडळ घटना लिहिणारं कोण हाही प्रश्न होता. पश्चिमेकडच्या बर्कशायर काउंटीने तर घटना येईपर्यंत कोर्टच उघडू दिली नाहीत. शेवटी वेगळी सभा निवडून, जॉन अॅडम्सकडून मसुदा घेऊन, १७८० मधे तो गावोगाव पाठवला आणि गावांनी कलमागणिक मतं, हरकती, सुधारणा लिहून पाठवल्या. १७७२ सारखंच, प्रश्न आणि उत्तर, फक्त यावेळी उत्तरातून सरकार तयार होणार होतं.

या पद्धतीने काय साधतं ते शेफील्डला दिसतं. बर्कशायरमधलं हे गाव. १७७३ च्या जानेवारीत, बोस्टनचं पत्रक फिरत होतं त्याच हिवाळ्यात, कर्नल जॉन अॅशलीच्या घरी गावच्या कमिटीने ठराव लिहिला की माणसं निसर्गतः समान, स्वतंत्र आहेत. लिहून घेणारा तरुण वकील थिओडोर सेजविक. त्याच घरात बेट नावाची गुलाम बाई काम करत होती. १७८० च्या घटनेत सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असं वाक्य आलं, बेट सेजविककडे गेली, त्याने केस घेतली, आणि ऑगस्ट १७८१ मधे ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्युरीने तिला मोकळं केलं, वर ३० शिलिंग भरपाई अॅशलीकडून. पुढे ती एलिझाबेथ फ्रीमन म्हणून जगली. असोसिएशनच्या कागदाखाली अॅशलीने सही केली असती तर त्याला कुणी असा पकडू शकला नसता. सही केलेला माणूस म्हणतो मी बाकीच्यांबरोबर होतो. पण स्वतःच्या गावाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं वाक्य घरातल्याच बाईने उचलून कोर्टात नेलं की तोंड लपवायला जागा राहत नाही.

आणि सॅम्युअल अॅडम्स? ज्याने हे सगळं सुरू केलं तो १७८४ मधे एका पत्रात लिहितो की काउंटीच्या परिषदा आणि लोकांच्या कमिट्यांनी सुरुवातीला उत्तम काम केलं, पण आता दरवर्षी निवडणूक होते, त्यामुळे त्यांची गरज नाही, उलट धोका आहे. यातला अर्धा भाग मला पटतो. निवडून आलेल्या सरकारच्या डोक्यावर न निवडलेली कमिटी बसवणं हे कुठल्याही देशात वाईटच. पण दोन वर्षांनी, १७८६ मधे, कर्जात आणि करात बुडालेल्या पश्चिमेच्या शेतकऱ्यांनी काउंटी परिषदा भरवून बोस्टनला अर्ज पाठवले, काही हाती लागलं नाही म्हणून नॉर्थहॅम्प्टन, वुस्टरची कोर्टं बंद पाडली, अगदी १७७४ सारखी, त्यात जुन्या लढाईतले सैनिक पण होते, तेव्हा याच अॅडम्सने दंगलीविरुद्धच्या कायद्याचा मसुदा केला आणि प्रजासत्ताकाविरुद्ध बंड करणाऱ्याला मृत्यूच हवा असं त्याचं मत होतं. अर्ज म्हणजे प्रश्नच की. उत्तर द्यायचं सोडून बंड मोडल्यावर सरकारने काय केलं तर फेब्रुवारी १७८७ चा कायदा, साध्या बंडखोरांनी निष्ठेच्या शपथेवर सही करायची आणि तीन वर्षं मत नाही, पद नाही, ज्युरीत बसायचं नाही, शाळेत शिकवायचं नाही, खानावळ चालवायची नाही. सही मागणारी कमिटी आता राज्य झाली होती. फरक इतकाच की एप्रिलमधे निवडणूक होती, आणि ज्यांना मत होतं त्यांनी गव्हर्नर बोडिनला धुऊन काढलं, विधानसभेतल्या बऱ्याच जणांना घरी बसवलं, नव्या लोकांनी कर कमी केले आणि शिक्षा झालेल्यांपैकी बहुतेकांना माफी दिली.